होमग्रुप नाही, तरी फाइली पोहोचतील

प्रश्न : आमचे गाव वरूड तालुक्यात आहे. संत्र्याच्या बागेचा हिशेब आणि व्यापाऱ्यांच्या पावत्यांचे स्कॅन घरच्या जुन्या विंडोज ७ संगणकावर आहेत. मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले असूनही लॅपटॉपवर जुना संगणक दिसत नाही आणि 'होमग्रुप' ही घरातल्या संगणकांनी आपसांत फाइली वाटून घेण्याची विंडोजची सोयही सापडत नाही. एका परिचिताने 'एसएमबी १' सुरू करून जुन्या संगणकाचा पासवर्ड काढून टाकण्यास सांगितले आहे. तसे करावे काय?
– एक बागायतदार, जि. अमरावती

उत्तर : दोन्ही करू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. एसएमबी म्हणजे संगणकांनी एकमेकांकडून फाइली मागण्याची पद्धत. तिच्या पहिल्या आवृत्तीतील उणिवेचा फायदा घेऊनच मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि लोकांच्या फाइली अडकवून त्याने खंडणी मागितली. ती आवृत्ती विंडोज एक्सपीला लागते. विंडोज ७ ला तिच्या पुढची आवृत्ती येते, त्यामुळे आपल्या घरात पहिलीची गरजच नाही. पासवर्ड काढल्यानेही काम सोपे होत नाही, उलट अडते, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज सहसा नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. होमग्रुप तर मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मधूनच काढला.

जुन्या संगणकावर नेटवर्कचा प्रकार 'होम' आणि लॅपटॉपवर 'प्रायव्हेट' ठेवावा. मग जुन्या संगणकावर पासवर्डसह एक वेगळे खाते उघडून, हिशेबाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'शेअर विथ'मधून त्या खात्याला फक्त 'रीड'ची, म्हणजे नुसती वाचण्याची, परवानगी द्यावी. म्हणजे उद्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तरी या वाटेने मूळ पावत्या बदलल्या जाणार नाहीत. यादीत संगणक दिसला नाही म्हणून थांबू नये. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि त्यांना लागूनच जुन्या संगणकाचे नाव टाइप करून एंटर दाबावे. नावाने जमले नाही, तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा क्रमांक, टाकावा.

आता नाव आणि पासवर्ड विचारला जाईल, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते, कारण ते लॅपटॉपचा पिन टाकतात. इथे जुन्या संगणकावर उघडलेल्या खात्याचेच नाव आणि पासवर्ड द्यायचा असतो. या कामाला इंटरनेट लागत नाही. नेट बंद असले तरी राउटर आणि दोन्ही यंत्रे सुरू असली की पुरे.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आहेत, तेव्हा त्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा ईमेल करू नयेत. सातबारा पुन्हा काढता येतो, परंतु व्यापाऱ्याने दिलेली पावती हरवली की दुसरी मिळेलच असे नाही. म्हणून सारे फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.