पान संपलं पाहिजे

अनेक आशीर्वाद.

‘वाचायला बसावं आणि तासाभरानं कळावं की काहीच वाचलं नाही’, हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. वाचन का हवं, लिहिणं का हवं, हे मी तुला सांगायला नको. पण दोष तू स्वतःच्या इच्छाशक्तीला देतेस, तिथं मात्र माझं तुझ्याशी भांडण आहे.

इंटरनेटवर वाचायची जागा निवडताना मी एकच गोष्ट बघतो: ती संपते का? शांत रंग, देखणी अक्षरं हे सगळं नंतर. पान संपलं पाहिजे. न संपणाऱ्या स्क्रोलची रचना २००६ मध्ये अ‍ॅझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी केली. हेतू सरळ होता, ‘पुढचं पान’ दाबायचे कष्ट वाचावेत. पण त्या दाबण्यापाशीच मन क्षणभर थांबायचं, आणखी हवंय का, असं स्वतःला विचारायचं. तो थांबाच गेला. पुढं खुद्द रास्किन यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. करणाऱ्याला खंत वाटते, आणि तू स्वतःला आळशी म्हणवून घेतेस?

एकाग्रतेच्या अ‍ॅपांची यादी माझ्याकडे मागू नकोस. अ‍ॅप शोधण्यातही संध्याकाळ जाते, हे तूच लिहिलं आहेस. जुन्या गोष्टी पुरतात. आरएसएस, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका यादीत आणून देणारी सोय, १९९९ पासून आहे. आवडते लेखक तू निवडायचे, त्यांचं नवं लेखन तारखेच्या क्रमानं येतं, आणि वाचून झालं की यादी रिकामी होते. ती रिकामी यादी बघायची सवय लाव. १९७१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहातलं पुस्तक उतरवून घे आणि वाय-फाय बंद करून वाच. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मराठीतलं जुनं साहित्य आहे, त्याला शेवटचं पान आहे. लांब लेख उघडलास तर ब्राउझरचा रीडर मोड लाव. बाजूच्या पट्ट्या जातात, लेखाखालचं ‘हेही वाचा’ बहुतेक वेळा जातं, आणि लेख खरोखर संपतो.

लिहिण्याचंही तेच. कच्चा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, नेट बंद करून. जिथं लाइक पडू शकतात, तिथं पहिला मसुदा कधीही लिहू नकोस! तिथं प्रत्येक वाक्य लिहिता लिहिताच कुणाला तरी दाखवलं जातं, आणि दाखवायचं वाक्य विचाराच्या पुढं धावतं.

मला लोक तुसडा म्हणतात. गटांतून मी बाहेर पडलो, निरोपांना उत्तर उशिरा देतो. एका जवळच्या मित्राचं आजारपण मला फार उशिरा कळलं, ते अजून सलतं. त्यानंतर फोनची घंटी मोजक्या माणसांसाठी चालू ठेवली. बाकी काही बदललं नाही, बदलणारही नाही. या हट्टामुळेच माझी पुस्तकं वाचून झाली, लिहायचं ते लिहून झालं. कुणाला तो माणूसघाणेपणा वाटला तरी माझी तक्रार नाही. तुलाही कुणीतरी असंच म्हणेल. म्हणू दे.

तुझा तो अर्धा निबंध चांगला आहे, म्हणूनच इतका चिडलो. नवी जागा शोधत बसू नकोस. आहे त्या फाइलमध्ये तो पुरा कर आणि फाइलच मला पाठव, लिंक नको. मी कागदावर छापून वाचेन आणि समासात लिहून परत देईन.