पीएच.डी. चालू आहे, पहिला पेपर जर्नलला कसा पाठवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करताय, रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर साठणाऱ्या धुळीवर काम झालंय, गाइड म्हणतात आता पेपर पाठवा. शिक्षण गुजराती माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजीची धास्ती. त्यात एक ई-मेल आलाय की अडीच हजार रुपये भरा, सात दिवसांत छापून देतो. तिथे पाठवू का?

त्या ई-मेलला आज उत्तर देऊ नका. का, ते पुढे सांगते. आधी पेपरचं बोलू.

मी बडोद्यातच एका कॉलेजात शिकवते आणि माझं स्वतःचं काम तुमच्या विषयाला अगदी लागून होतं. काळा घोडा ते मांडवी या पट्ट्यात कडुनिंबाची आणि आसोपालवाची पानं गोळा करत दोन वर्षं फिरले. पहिला पेपर दोनदा परत आला. पहिल्यांदा नवव्या दिवशीच, समीक्षकांकडे, म्हणजे जर्नल ज्यांच्याकडून पेपर तपासून घेतं त्या तज्ज्ञांकडे, न जाता, कारण ते जर्नल वनस्पतींच्या वर्गीकरणाचं होतं आणि माझा विषय प्रदूषणाचा. दुसऱ्यांदा दुसऱ्या जर्नलकडून, चार महिन्यांनी, दोन समीक्षकांच्या शेऱ्यांसकट. त्यातल्या एकाने विचारलं होतं: पानं तोडली त्याच्या किती दिवस आधी शेवटचा पाऊस झाला होता?

माझ्या वहीत ते होतं. तारीख, वेळ, फांदीची उंची, पावसाची नोंद, सगळं. पेपरात मात्र मी लिहिलं होतं, पानं गोळा केली, धुतली आणि धुळीचं वजन केलं. पाऊस पडला की पान धुऊन निघतं. दोन दिवसांची धूळ आणि वीस दिवसांची धूळ एकाच तक्त्यात बसवली तर त्या आकड्यांवरून कोणी काय समजायचं? तो शेरा वाचून मला वाईट वाटलं, पण माणूस बरोबर बोलत होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आणि बाकीचं सगळं त्यातूनच निघतं: तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या माणसाला तुमचं काम तुमच्या पेपरवरून पुन्हा करून बघता आलं पाहिजे. लिहायला बसाल तेव्हा प्रस्तावनेपासून बसू नका, 'मटेरियल्स अँड मेथड्स'पासून, म्हणजे साहित्य आणि पद्धतींपासून बसा. वही उघडी ठेवा. कोणती झाडं, किती, रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर, जमिनीपासून किती उंचीवरची फांदी, फांदीवरची कितवी पानं, एका झाडाची किती पानं. ती कशात भरून आणली. डिस्टिल्ड वॉटरने ब्रशने धुतली की नुसती बुडवून हलवली. फिल्टर पेपर आधी ओव्हनमध्ये वाळवून वजन केला होता का, धूळ गाळल्यावर पुन्हा किती अंशावर किती तास वाळवला. पानाचं क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर मोजलं की स्कॅन करून. शेवटी चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम, हा आकडा या सगळ्यावर उभा असतो. तुलनेसाठी रहदारीपासून लांबची झाडं घेतली असतील, म्हणजे कमाटीबागेच्या आतली वगैरे, तर तीच का घेतली तेही लिहा.

पेपरच्या मसुद्यालाही 'मॅन्युस्क्रिप्ट', म्हणजे हस्तलिखितच म्हणतात. आणि हस्तलिखित म्हटलं की मला आपली बडोद्याची ओरिएंटल इन्स्टिट्यूट आठवते. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून संपादित केलेली, तिथे तयार झाली, 1960 ते 1975 या काळात सात खंड. त्याचं कुठलंही पान उघडून बघा. वर श्लोक आणि खाली बारीक अक्षरात पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे ते. संपादकांनी एखादा पाठ का घेतला हे ज्याला तपासायचं असेल त्याला तिथेच तपासता येतं. विषय कुठला का असेना, आपण पद्धती लिहितो ती याचसाठी.

पद्धतींनंतर तक्ते आणि आलेख करा, मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, गोषवारा आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. थीसिसचा धडा आहे तसा उचलून पाठवू नका. धड्यात दहा प्रश्न असतात, पेपरात एक पुरतो. तुमच्याकडे पाच जातींची झाडं आणि तीन ऋतू आहेत, तर "कोणत्या झाडावर धूळ जास्त बसते आणि ती पानाच्या पृष्ठभागामुळे का" एवढ्यावर एक पेपर होतो. क्लोरोफिलचे निकाल दुसऱ्यासाठी ठेवा. पण एकाच निकालाचे तुकडे करून तीन पेपर काढू नका, संपादकांच्या ते लक्षात येतं.

इंग्रजीची भीती मनातून काढा. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, काय सापडलं ते आधी घरी आईला मराठीत सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जिथे आई "म्हणजे काय?" म्हणाली, तिथे पेपरातही गोंधळ असतो. इंग्रजी वाक्यं लहान ठेवा, एका वाक्यात एक गोष्ट. भाषा सुधारायला एआयची मदत घेतलीत तर जर्नलचा नियम वाचा आणि विचारतील तिथे तसं लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका, अस्तित्वातच नसलेले पेपर तो बिनदिक्कत देतो. ज्याचा संदर्भ द्याल तो पेपर स्वतः उघडून वाचलेला असावा. सरकारी विद्यापीठात असाल तर 2025पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून हजारो जर्नल्स मोफत उघडतात, बडोदा विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत विचारा.

आता जर्नल. तुमच्या संदर्भयादीत जी नावं पुन्हा पुन्हा येतात, तिथून सुरुवात करा. त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्यासारखं काम एकदाही दिसलं नाही तर पुढे जा, माझे नऊ दिवस असेच गेले होते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी 2025मध्ये बंद केली, त्यामुळे "आम्ही यूजीसी केअरमध्ये आहोत" असं आज कोणी सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा डीओएजे (ओपन अॅक्सेस जर्नल्सची सूची) या जर्नल्सच्या सूचींच्या साइटवर जाऊन जर्नलचं नाव आणि आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, स्वतः टाकून बघा, जर्नलच्या पानावर चिकटवलेल्या लोगोंवर विश्वास ठेवू नका. खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब बनावट साइट काढणारेही आहेत.

तुमच्या ई-मेलमध्ये सात दिवस लिहिलेत ना, तिथेच उत्तर आहे. दोन अनोळखी तज्ज्ञ शोधायचे, त्यांनी हो म्हणायचं, वाचायचं, शेरे द्यायचे, तुम्ही दुरुस्ती करायची, हे सात दिवसांत होत नाही. म्हणजे कोणी वाचणारच नाही. ओळखीतल्या एका मुलीने अशा ठिकाणी पेपर दिला, नंतर चूक कळल्यावर परत मागितला, तर मागे घेण्याचे वेगळे पैसे मागितले. दोन वर्षांचं काम अडकून पडलं, कारण एकदा छापलेलं दुसरीकडे देता येत नाही. मला अजून त्याचा त्रास होतो. फी असणं वाईट नाही, सगळ्यांना मोफत वाचता येणारी चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सही फी घेतात. पण वर्गणीवर चालणाऱ्या बऱ्याच जर्नल्सना लेखकाकडून काही लागत नाही आणि डीओएजेमधली बहुतेक जर्नल्सही फी घेत नाहीत. शिवाय यूजीसीच्या 2022च्या नियमावलीत थीसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते ऑफिसात विचारा, म्हणजे घाई किती करायची ते कळेल.

अपलोडच्या दिवशीचं थोडं. जर्नलची लेखकांसाठीची सूचनापत्रिका छापून घ्या आणि एकेक ओळ खोडत जा. फोटो 300 डीपीआय, ओळींना क्रमांक, ऑर्किड आयडी (संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) तयार. समीक्षेत लेखक आणि समीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून झाकलेली असतील तर आभार वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं स्वतःचं नाव काढा, ते हमखास राहतं. लेखकांची नावं आणि क्रम गाइडशी आधीच बोलून घ्या, शेवटची फाइल सगळ्यांना दाखवा. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा.

मग जर्नलच्या साइटवर 'अंडर रिव्ह्यू', म्हणजे तपासणी चालू, असं महिनोन्‌महिने दिसत राहील. शेरे आले की त्या दिवशी फक्त वाचा, उत्तर दोन दिवसांनी लिहायला घ्या. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा असं उत्तर, आली तर ती चांगली बातमी आहे, त्यांना पेपर हवाय. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर, खाली बदल कुठे केला ते. माझ्या पावसाच्या शेऱ्याला तिसऱ्या जर्नलकडे पाठवण्याआधीच मी पद्धतींमध्ये जागा दिली. तिथे मग फांदीच्या उंचीवर शेरा आला, त्याला असं उत्तर दिलं: "सूचनेबद्दल आभार. सर्व पानं जमिनीपासून दोन ते तीन मीटर उंचीवरून घेतली होती, हे आता पान 6, ओळी 112 ते 114 मध्ये नमूद केलं आहे." समीक्षक चुकलाय असं वाटलं तर तेही याच सुरात, पुराव्यासह लिहा.

पेपर स्वीकारल्यावर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, येतं आणि बहुधा दोन दिवसांत परत मागतात. त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका. आकडे वहीशी ताडून बघा, एकजण वाचणारा आणि एकजण बघणारा. आमच्या प्रूफात एका तक्त्यात मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडलं होतं, म्हणजे हजारपट. बहिणीने मोठ्याने वाचलं म्हणून ते सापडलं.