‘मिझुरीकर’ मार्क ट्वेन?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या नामवंतांची सूची मराठीत करायची आहे. मथळ्यात ‘मिझुरीकर’ लिहावं, ‘मिझुरीचे सुपुत्र’ की ‘मूळचे मिझुरीचे’? आणि राज्याचं नाव मिसुरी, मिसूरी की मिझुरी?

नावाचं आधी उरकून घेऊ. तिथले लोक मधलं अक्षर ‘झुळूक’मधल्या ‘झु’सारखं उच्चारतात आणि जोरही त्यावरच देतात, म्हणून ‘स’ नको. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की उपांत्य उकार ऱ्हस्व, हा आपला नेहमीचा नियम लावला की झालं मिझुरी. सेंट लुइस या शहराच्या नावातला शेवटचा ‘स’ मात्र तिथे स्पष्ट उच्चारतात. फ्रेंच वळणाने ‘लुई’ करू नका.

आता ‘कर’. हा प्रत्यय गावाला, शहराला चिकटतो: नागपूरकर, सातारकर, अगदी लंडनकरसुद्धा. प्रांताला तो सहसा मानवत नाही. आपण खानदेशी, वऱ्हाडी, महाराष्ट्रीय म्हणतो. ‘महाराष्ट्रकर’ म्हणत नाही. ‘गोवेकर’सारखे अपवाद थोडे. ‘न्यू जर्सीकर’ ऐकू येतं खरं, पण ते ऐकून डोळ्यांपुढे तिथे स्थायिक झालेली मराठी मंडळी येतात. शिवाय ‘कर’मध्ये राहण्याचा अर्थ आहे. ‘सेंट लुइसकर चक बेरी’ चालेल, कारण हा रॉक अँड रोलवाला १९२६ मध्ये त्या शहरात जन्मला आणि २०१७ मध्ये वारला तोही त्याच परिसरात. पण ‘मिझुरीकर टी. एस. इलियट’ म्हटलं की हसू येतं. कवी इलियट १८८८ मध्ये सेंट लुइसला जन्मले हे खरं, पण १९२७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आणि १९४८ चं नोबेल मिळालं तेव्हा ते कधीचे लंडनकर होते.

त्यांना शोभतो तो शब्द ‘मूळचे’. मात्र हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ‘मूळचे’ म्हटलं की माणूस तिथून निघून गेला, हे न सांगता सांगितलं जातं. ‘मूळच्या सेंट लुइसच्या जोसेफिन बेकर’ हे बरोबर, कारण ही गायिका-नर्तिका पॅरिसला गेली, १९३७ मध्ये फ्रेंच नागरिक झाली आणि २०२१ मध्ये तिला तिथल्या पांथिऑनमध्ये, म्हणजे थोरांच्या राष्ट्रीय स्मारकात, मानाचं स्थान मिळालं. हॅरी ट्रुमन यांना ‘मूळचे मिझुरीचे’ म्हणणं चूक. १८८४ मध्ये लामारला जन्म, इंडिपेंडन्स गावी घर, राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर मुक्काम पुन्हा त्याच घरात, दफनही त्याच गावात. ते साधेसरळ ‘मिझुरीचे’. (जाता जाता: त्यांच्या नावातल्या ‘एस.’चा विस्तार करू नका. शिप आणि सॉलोमन अशा दोन्ही आजोबांच्या नावांचा मान राखायला नुसतंच अक्षर ठेवलं होतं. पूर्ण नाव असं नाहीच.)

खरी गंमत ‘जन्मगाव’ आणि ‘गाव’ यांत आहे. ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाला आपण जन्मस्थळ सांगत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. जन्म आजोळचा आणि गाव वेगळंच, हे घरोघरी असतं. अमेरिकी चरित्रं मराठीत आणताना हा भेद फार कामाला येतो. मार्क ट्वेन, म्हणजे सॅम्युएल क्लेमेन्स, १८३५ मध्ये फ्लोरिडा नावाच्या खेड्यात जन्मला आणि चौथ्या वर्षी हॅनिबलला आला. त्याचं गाव हॅनिबल. मिसिसिपीचा काठ त्याच्या लिखाणात उतरला तो तिथला. फ्लोरिडा हे नुसतं जन्मगाव, आणि तेही मिझुरीतलं. इथे भाषांतरात हमखास घसरायला होतं: ‘फ्लोरिडात जन्म’ लिहिलं की वाचक थेट दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचतो. ‘मिझुरीतल्या फ्लोरिडा या खेड्यात’ एवढं लिहावंच लागतं.

वॉल्ट डिस्नीचं याच्या उलट. जन्म १९०१ चा, शिकागोचा. पण गाव म्हणावं तर मिझुरीतलं मार्सेलिन, जिथे तो लहानपणची काही वर्षं राहिला. सूचीत तो घ्यायचा असेल तर ‘बालपण’ हा शब्द हवाच. एडविन हबल १८८९ मध्ये मार्शफील्डला जन्मला, पण लहानपणीच घरचे इलिनॉयला गेले. त्या खगोलशास्त्रज्ञापुढे ‘जन्म’ यापलीकडे काही लिहू नये. रॅगटाइमचा संगीतकार स्कॉट जॉप्लिन जन्माने टेक्ससचा, पण ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापून आला तो मिझुरीतल्या सिडेलियातून. त्याला ‘कर्मभूमी’ शोभतो. याच राज्यात जॉप्लिन नावाचं शहरही आहे. त्याचा या संगीतकाराशी काही संबंध नाही.

कॅन्सस सिटी लिहिताना राज्य सांगायला विसरू नका. या नावाची दोन शहरं सीमेच्या दोन बाजूंना आहेत आणि मोठं शहर कॅन्ससमध्ये नाही, मिझुरीत आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९२० मध्ये कॅन्ससकडच्या शहरात जन्मला आणि मिझुरीकडच्या शहरात वाढला. नुसतं ‘कॅन्सस सिटीचा’ म्हटलं की तो कोणत्या सूचीत बसतो तेच कळत नाही.

‘सुपुत्र’ सरळ काढून टाका. तो सत्काराच्या फलकावरचा शब्द आहे, बायकांसाठी वेगळा ‘सुकन्या’ शोधावा लागतो, आणि जेसी जेम्स आला की पंचाईत होते. १८८२ मध्ये सेंट जोसेफला मारला गेलेला हा दरोडेखोर सुपुत्र कसला? तो ‘नामवंत’ही नाही. त्याच्यासाठी मराठीत ‘कुप्रसिद्ध’ आहे, ‘नामचीन’ आहे. ‘भूमिपुत्र’ही नको, मिझुरीत तो शब्द ओसेज आणि मिझुरिया या तिथल्या मूळ जमातींचा, ज्यांतल्या दुसरीवरून नदीला आणि राज्याला नाव मिळालं.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘नागरिक’. गुलामगिरीतून सुटण्यासाठी ड्रेड स्कॉटने सेंट लुइसच्या न्यायालयात १८४६ मध्ये दावा लावला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो हाच, की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्याच्यापुढे ‘मिझुरीचा नागरिक’ लिहिलं, तर ज्यासाठी तो भांडला आणि जे त्याला नाकारलं गेलं, तेच आपण त्याला देऊन टाकतो. ‘सेंट लुइसला दावा लढलेला’ म्हणा.

मराठी वाचकाच्या ओळखीचे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याबाबतही तसंच जपावं लागतं. वीणा गवाणकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ते इथे घरोघरी पोचले, पण टस्कीगीचे म्हणून, म्हणजे अलाबामाचे. जन्म मात्र मिझुरीतल्या डायमंडजवळचा, साधारण १८६४ चा. गुलामांच्या जन्मतारखा क्वचितच नोंदल्या जात, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द वर्षाआधी ठेवायलाच हवा. ‘कार्व्हर घराण्यात जन्म’ असं लिहू नका. ते आडनाव ज्यांच्या मालकीत ते जन्मले त्या मोझेस कार्व्हर यांचं.

मथळा द्यायचाच तर ‘मिझुरीशी संबंधित नामवंत’ असा द्या. थोडा रुक्ष आहे, पण त्यात सगळे मावतात. मग प्रत्येक नावापुढे जन्म, बालपण, वास्तव्य, कर्मभूमी यांतलं जे लागू असेल ते लिहा, आणि जेसी जेम्सला घ्यायचं असेल तर ‘नामवंत’च्या जागी ‘प्रसिद्ध व्यक्ती’ करा.