लेन्सचं 'कॅरेक्टर': चारित्र्य की स्वभाव?

प्रश्न आर्वीकडच्या एका तरुण छायाचित्रकाराचा आहे. जुन्या टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणाऱ्या) लेन्सवर मराठीत लिहायचं तर 'कॅरेक्टर'ला 'चारित्र्य' म्हणावं का, आणि 'सॉफ्ट' चित्राला 'धूसर' चालेल का?

माझ्या मते दोन्ही नको. चारित्र्य वागण्यातून घडतं, म्हणून ते जपता येतं आणि बिघडतंही. लेन्सच्या काचा एकदा जशा घासल्या आणि बसवल्या, तसंच ती जन्मभर दाखवते. याला आपण स्वभाव म्हणतो.

हा शब्द किती नेमका बसतो, ते मला एका फसगतीतून कळलं. दर्यापूरकडच्या आमच्या गावात मी पोळ्याचे फोटो काढतो. त्यासाठी २०० मिलिमीटरची जुनी सुपर-ताकुमार घेतली. ही जपानच्या असाही कंपनीची, ४२ मिलिमीटरच्या आट्यांवर फिरवून बसवायची लेन्स. (ताकुमार हे नाव ताकुमा काजिवारा या चित्रकारावरून आलं आहे, शब्दवेड्यांना हे आवडेल.) चित्र जरा पांढुरकं येतं, पण तेच तर हिचं कॅरेक्टर, असं विकणाऱ्याने सांगितलं. मी मानलं.

तोरणाखालच्या बैलजोड्यांचे फोटो घरी दाखवले. झुलीचा लाल रंग विटका आणि काळा बैल राखाडी दिसत होता. वडील म्हणाले, "पोयाच्या दिवशी कुठून आली रे धुवारी?"

धुवारी म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं धुकं. तूर फुलावर असताना पडली की बहर गळतो, म्हणून शेतकरी हा शब्द धास्तीनेच उच्चारतो. मी लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून पाहिला, तर आतल्या काचेवर तेलकट पापुद्रा! जाणकाराकडून ती उघडून पुसून घेतली. धुवारी गेली, रंग परत आले.

मग कापूस वेचणीच्या वेळी तीच लेन्स वावरात नेली. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं, म्हणजे चारवर (आकडा वाढला की भोक लहान होतं). वेचणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती दिसत होती, पण प्रत्येक उजळ कडेभोवती उजेडाची पातळ साय होती. फुटलेल्या बोंडांच्या पांढऱ्या कडांना जांभळी किनार होती. काचेच्या मधून आलेले आणि कडेने आलेले किरण नेमके एका ठिकाणी मिळत नाहीत, त्याची ती साय. वेगवेगळ्या रंगांचे किरण एकत्र मिळत नाहीत, त्याची ती किनार. अ‍ॅपर्चर आठवर आणलं की साय जाते आणि किनारही पुष्कळ कमी होते. सूर्य समोर असला की चित्र थोडं फिकं पडतं, ते मात्र राहिलंच. काचेवर उजेड परावर्तित होऊन चित्र असं फिकं पडू नये म्हणून असाहीने ताकुमारवर अनेक थरांचा लेप आणला तो १९७१मध्ये, माझी लेन्स त्याआधीची.

पुसून गेली ती धुवारी, आणि पुसूनही राहिला तो स्वभाव. स्वभावाला औषध नाही ही आपली म्हण इथे शब्दशः खरी आहे. पापुद्र्याला आणि सुरुवातीच्या बुरशीला औषध असतं.

आता 'सॉफ्ट'. धूसर म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचा; त्यात रेघ हरवते. मावशींच्या फोटोत रेघ हरवली नव्हती, तिची धार तेवढी उतरली होती. 'मऊ' हा हाताला लागणारा गुण आहे, म्हणून मी 'मवाळ' निवडतो. जहाल-मवाळ या जोडीत आपण तो माणसांना लावलाच आहे आणि मवाळ माणसालाही ठाम मत असतं. 'शार्प'ला 'धारदार' म्हणाल तर विळा आठवेल. 'रेखीव' म्हणा, त्यात रेखा आहेच.

आणखी एक शब्द सुचवतो: पोत. जमिनीचा पोत, कापडाचा पोत आपण बोटांनी पाहतो, पण चित्राचाही पोत असतो आणि तो डोळ्यांना कळतो. तेव्हा स्वभाव लेन्सचा आणि पोत चित्राचा, एवढा भेद ठेवा. 'हिचा स्वभाव मवाळ. चारवर चित्राचा पोत सायीसारखा, आठवर रेखीव' असं लिहिलंत, तर आर्वीच्या बाजारातही कळेल. आणि लेन्स विकायला काढलीत, तर आत धुवारी आहे की नाही, ते वेगळं लिहा.