पाण्याची टाकी आणि रणगाडा, दोघांनाही इंग्रजीत ‘टँक’ का म्हणतात?

पाणी साठवायची ती टँक आणि तोफ डागणारा तोही टँक, हा एकच शब्द दोन्हीकडे कसा, असं तुम्ही विचारलंय. यातलं पाणी आधीचं, रणगाडा तीनशे वर्षांनी आलेला. आणि ते पाणी बहुधा आपल्याच टाक्यातलं आहे.

सुरतेत इंग्रजांची वखार सुरू झाली १६१३ साली. त्याच सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, हिंदुस्थानातल्या तळ्यांना, हौदांना उद्देशून. ऑक्सफर्डच्या कोशात त्याच्या मुळाशी गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टांकें’ हे दोन्ही दिले आहेत. श्रेय सगळंच आपलं मात्र नाही. तळ्यासाठी पोर्तुगिजांचाही अगदी मिळताजुळता शब्द होता, लॅटिनमधून आलेला. किनाऱ्यावर दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत.

टाकं म्हणजे काय ते गडावर कळतं. सिंहगडाचं देवटाकं बघा. कातळात कोरलेल्या, आत खांब राखलेल्या एखाद्या खांबटाक्याच्या काठाशी वाकून आतल्या भिंतीवर हात फिरवा, पाथरवटाच्या छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून बोटांना लागतात. (पाय मात्र बुडवू नका, ते पिण्याचं पाणी असतं.) त्या छिन्नीलाही आपण ‘टाकी’च म्हणतो. ‘टाकीचे घाव’ म्हणतो ना, तीच ही टाकी, संस्कृतातला ‘टंक’. कोशकार टाक्याचं मूळ ‘तडाग’, म्हणजे तळं, असं सांगतात, पण त्या रेघा पाहिल्यापासून मला ‘टंक’च जवळचा वाटतो.

आता रणगाडा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात ही यंत्रं गुपचूप बनत होती. बाहेर काही फुटू नये म्हणून कारखान्यात सांगितलं, मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, वाळवंटासाठी पाणी वाहून न्यायच्या टाक्या आहेत. पत्र्याचा तो प्रचंड सांगाडा पाहून कुणालाही ते पटण्यासारखंच होतं. डिसेंबर १९१५मध्ये ‘टँक’ हेच नाव ठरलं. १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा रणांगणात उतरले, गुपित उघडं पडलं, तरी नाव तेच राहिलं.

आणि ‘टँकर’? तोही याच शब्दाला इंग्रजी शेपूट लागून झालेला. मार्च सरला की मराठवाड्यात, माणदेशात लोक घागरी रांगेत लावून त्याचीच वाट बघतात.