साइन टाइप करता येईल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा भाचा कर्णबधिर आहे, चौथीत शिकतो. घरी साइनमध्ये, म्हणजे हातांनी बोलायच्या सांकेतिक भाषेत, अख्खी गोष्ट रंगवून सांगतो, पण तीच मराठीत लिही म्हटलं की दोन-तीन शब्द लिहून पेन खाली ठेवतो. साइनच लिहिता येईल असं ॲप बनवायचं डोक्यात आहे. चित्रांचा कीबोर्ड केला की झालं का? का याचा काही उपयोगच नाही?

उत्तर: नक्की उपयोग आहे, आणि लिपी तर आयती तयार आहे. व्हॅलरी सटन यांनी १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये, नाचाच्या हालचाली लिहायच्या स्वतःच्याच पद्धतीवरून साइनरायटिंग ही लिपी काढली, १९८६ मध्ये रिचर्ड ग्लीव्ह्ज यांनी ॲपलच्या कॉम्प्युटरवर तिचं सॉफ्टवेअर केलं, आणि २०१५ पासून तिची ६७२ चिन्हं युनिकोडमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही, आहेत.

पण नुसत्या कीबोर्डने भागणार नाही, कारण आपली अक्षरं एकापुढे एक येतात आणि साइनमध्ये हात, चेहरा, हालचाल सगळं एकाच वेळी चालू असतं. साइन करणाऱ्याला स्वतःचा तळवा दिसत असेल तर हाताचं चिन्ह पांढरं, मागची बाजू दिसली तर काळं, कड दिसली तर अर्धं-अर्धं. चेहरा म्हणजे एक गोल, त्यातच भुवया आणि तोंड. हात कुठे टेकला तर तिथे छोटी चांदणी. आता तोच हात कपाळाऐवजी हनुवटीजवळ ठेवला तर शब्दच बदलू शकतो, म्हणजे जागा हाच स्पेलिंगचा भाग झाला! युनिकोडमध्ये चिन्हं आहेत पण ही जागा त्यात साठवलेली नाही, म्हणून स्टीव्ह स्लेव्हिन्स्की यांनी याच लिपीसाठी केलेल्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक चिन्हाच्या कोडपुढे आडवा-उभा असे दोन आकडे देतात, मध्यबिंदू ५००-५०० धरून. तुम्हीही तोच फॉरमॅट घ्या, स्वतःचा नवा काढू नका, नाहीतर तुमच्या ॲपमधलं लिखाण दुसरीकडे उघडणारच नाही.

आता भाच्याबद्दल, कारण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठी लिपी आवाज लिहिते, तो आवाज त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही, म्हणजे त्याला लिहायला शिकणं आणि नवी भाषा शिकणं दोन्ही एकदम करावं लागतंय. तो आळशी नाहीये हो, त्याच्यावर ओझंच दुप्पट आहे. स्वतःची गोष्ट स्वतःच्या भाषेत कागदावर उतरते हे एकदा त्याला कळू दे, मग तिच्याखाली मराठी वाक्य लिहा, आणि दोन्हीकडे शब्दांचा क्रम कसा वेगळा पडतो ते त्यालाच शोधू दे. जर्मनीत ओस्नाब्रुकच्या कर्णबधिर शाळेत ही लिपी वर्गात वापरली गेलीय, आणि डेलेग्स नावाचा एडिटर जर्मन मजकूर आणि साइन एकत्र लिहिण्यासाठीच केलेला आहे, तो आधी नीट बघा. मात्र मराठी वाचन थांबवू नका, ही लिपी त्याच्या जोडीला आहे.

शब्द कुठून आणायचे? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या २०२१ च्या डिक्शनरीत १०,००० शब्दांचे व्हिडिओ आहेत, पण भागाभागात साइन बदलतात, म्हणून भाच्याच्या शाळेतल्या मुलांच्या रोजच्या साइन आधी घ्या आणि एका शब्दाला दोन-तीन रूपं ठेवायची सोय करा. टीममध्ये साइन करणारी कर्णबधिर मोठी माणसं पहिल्या दिवसापासून हवीत, त्यांना मानधनही द्या, कारण चिन्ह बरोबर वाचलं जातंय की नाही हे तेच सांगू शकतील.