क्रिएटिनिन मर्यादेत असेल, तर लघवीतील अल्ब्युमिन तपासण्याची गरज आहे का?

वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.१ म्हणजे मर्यादेत आहे, तरीही डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडू लागले की लघवीत गळणारे प्रथिन) तपासायला सांगितले आहे. ते खरोखर आवश्यक आहे का, की सोनोग्राफीवर भागेल, असे आपण विचारले आहे. तपासणी अवश्य करून घ्यावी. सोनोग्राफीवर भागणार नाही, कारण मधुमेहात मूत्रपिंडाचे काम बिघडू लागले तरी त्याचा आकार बराच काळ नेहमीसारखाच दिसतो.

मूत्रपिंडविकार लवकर ओळखता यावेत यासाठीच्या चाचण्यांवर मी संशोधन करते; पीएचडी होऊन मला दोनच वर्षे झाली आहेत. मी या विषयाकडे वळले ती माझ्या आत्यामुळे. तिलाही मधुमेह होता, वजन जेमतेम एक्केचाळीस किलो. एम.एस्सी.ला असताना एका सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने औषधांच्या पिशवीत जपून ठेवलेले सात वर्षांचे रिपोर्ट सहज चाळले. क्रिएटिनिन एकसष्टाव्या वर्षी ०.७ होते, मग ०.८, ०.९, पुन्हा ०.९ असे सरकत ते अडुसष्टाव्या वर्षी १.१ वर आले होते. लॅबने छापलेली मर्यादा ०.६ ते १.२ असल्यामुळे एकाही आकड्यापुढे खूण नव्हती आणि प्रत्येक वर्षी तिला ‘सगळे नॉर्मल आहे’ असेच सांगण्यात आले होते.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे ज्याच्या अंगावर स्नायू कमी त्याच्या रक्तात ते मुळातच कमी असते. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढणाऱ्या, २०२१ साली सुधारलेल्या सीकेडी-ईपीआय सूत्राने हिशेब केला, तर पंचवीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ असताना त्याची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ९५ येते. अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीची तेवढ्याच क्रिएटिनिनला सुमारे ५५. आत्याची गाळणक्षमता सात वर्षांत साधारण ९८ वरून ५५ वर आली होती आणि कागदावर ती सातही वर्षे निरोगी होती. वय आणि लिंग न पाहता सर्वांना एकच मर्यादा छापणे ही माझ्या मते घोडचूक आहे, आणि ज्या रिपोर्टवर ईजीएफआर नाही तो अपुरा समजावा.

मी हे आत्याच्या मुलाला सांगितले तेव्हा दादा चिडला. ‘लघवीचीही तपासणी झाली आहे, त्यात प्रथिने निल आली आहेत, आईला उगाच घाबरवू नकोस,’ असे तो म्हणाला. परंतु लघवीच्या नेहमीच्या तपासणीतील पट्टीला थोडे अल्ब्युमिन बहुधा कळतच नाही. त्यासाठी लघवीतीलच अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढावे लागते, म्हणजे लघवी दाट आहे की पातळ, याने फरक पडत नाही. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असावे. दीड वर्ष वाद घातल्यानंतर आत्याची ही तपासणी झाली आणि गुणोत्तर २१० आले. त्यानंतर औषधे सुरू झाली, घसरण मंदावली. जे गेले होते ते मात्र परत आले नाही. ते दीड वर्ष मला आजही सलते. ज्या दोन पदार्थांचे हे गुणोत्तर आहे, ते दोन्ही एकाच कागदी पट्टीवर गावातल्या उपकेंद्रात मोजता यावेत, एवढ्याच कामामागे मी सध्या आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. एका रिपोर्टवरून विकार ठरत नाही. बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. उलट, अल्ब्युमिन फारसे न गळताही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात शेतकरी आणि मजुरांमध्ये आढळणारा विकार बहुतांशी असाच आहे. म्हणून रक्त आणि लघवी या दोन्ही तपासण्या मधुमेही माणसाने वर्षातून एकदा तरी कराव्यात. ईजीएफआर हा अंदाज आहे. वडील फारच किरकोळ अंगाचे असतील तर सिस्टाटिन-सी (रक्तातील आणखी एक पदार्थ, ज्यावरून गाळणक्षमतेचा अंदाज येतो) तपासावे का, हे डॉक्टरांना विचारावे. ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते, मात्र थायरॉईडच्या विकाराने आणि स्टिरॉइडने तेही बदलते.

घरात कोणी दादासारखे ‘आकडा मर्यादेत आहे’ म्हणून अडवत असेल, तर वडिलांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून त्यांच्यासमोर ठेवा आणि पाच वर्षांपूर्वी क्रिएटिनिन किती होते ते त्यांनाच वाचायला सांगा.